गावात जाऊन येतो

मालेगावच्या सोयगावातून मोसम पूल ओलांडून किदवाई रोडला जायचं असलं, तर आमच्याकडे कोणी ‘शहरात जातो’ म्हणत नाही. ‘गावात जाऊन येतो’ म्हणतात. सोयगाव महापालिकेत आहे, घरपट्टी महापालिकेची येते, निवडणुकीत दारावर येणारे हातही महापालिकेचेच जोडलेले असतात. तरी आम्ही गावाबाहेरचे. शेजारी कॅम्प. तिथली माणसं तर इंग्रज जाऊन इतकी वर्षं झाली तरी अजून छावणीतच राहतात. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि शहराची हद्द म्हणजे काय, याचं पुस्तकातलं उत्तर पोरांकडून घोकून घेतलं. खरं उत्तर मला रोज पायातच सापडत होतं. ‘गावात जाऊन येतो’ असं म्हणून माणूस जिथे चपला सरकवतो, तिथे गाव संपलेलं असतं.

आमचे चिरंजीव स्टॉकहोमला असतात. हे वाक्य आमच्या सौभाग्यवतींनी कॉलनीत इतक्यांदा उच्चारलंय की दूधवाल्यालाही ‘स्टॉकहोम’ नीट म्हणता येतं. मला वर्गात शिकवताना येत नसे. स्वीडन मी वर्षानुवर्षं शिकवला: सूचिपर्णी अरण्यं, लाकडाचा लगदा, किरुनाचं लोहखनिज. तिथे माणसंही राहत असतील, ही शक्यता अभ्यासक्रमात नव्हती. नातू सात वर्षांचा झाला तेव्हा आम्ही दोघं जूनमध्ये निघालो.

विमान आर्लांडाला उतरलं. मुलाने गाडीत घातलं, रस्ता गुळगुळीत, दोन्ही बाजूंना माझी सूचिपर्णी अरण्यं. डोळा लागतो न लागतो तोच तो म्हणाला, “आलं.”

मी खिडकीतून पाहिलं. चार-पाच मजली चौकोनी इमारती, सायकली, एक मॉल, पलीकडे काचेचे मनोरे. राजवाडा नाही, समुद्र नाही, पूल नाहीत.

“ही राजधानी?”

“ही किस्ता, बाबा.”

“म्हणजे?”

त्याने जरा विचार केला. दहा वर्षं परदेशात राहून मुलगा काय शिकला असेल तर एवढंच, की बापाला बापाच्या भाषेत समजवावं.

“म्हणजे कॅम्प.”

सौ. गप्प बसली. कॉलनीला काय तोंड दाखवायचं, हा विचार तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट वाचता आला. मनमाडला उतरून लोक मालेगावला पोचतात तसं आम्ही विमानतळावर उतरून स्टॉकहोमच्या बाहेरच्या बाहेर पोचलो होतो, आणि पुढचे बरेच दिवस बाहेरच राहिलो.

मुलाने गमतीत म्हटलं असेल, पण कॅम्प हा शब्द त्याने नेमका टाकला होता. नारोशंकरांनी १७४० च्या सुमारास बांधलेला आमचा भुईकोट किल्ला इंग्रजांनी १८१८ मध्ये घेतला, नदीच्या अलीकडे छावणी पडली आणि कॅम्प जन्माला आला. किस्ताच्या भोवतीचं यार्वाचं माळरान सरकारने १९०५ मध्ये लष्करासाठी घेतलं; साठ-पासष्ट वर्षं तिथे शिपाई कवायती करत होते. पुढे स्वीडनला घरांची टंचाई भासली. सरकारने ठरवलं, १९६५ ते १९७४ या दहा वर्षांत दहा लाख घरं बांधायची. आणि बांधली! (हे मी कॉलनीत सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, “दहा लाख घोषित केली का बांधली?” बांधली.) रिंकेबी, टेन्स्टा, हुस्बी, अकाला ही वस्ती त्या धडाक्यातली, आणि सत्तरीच्या दशकातच जरा मागाहून किस्ता. म्हणजे दोन्हीकडे तेच: आधी फौज, मग प्लॉट.

नावाचा घोळ पहिल्याच दिवशी निस्तरला. मी ‘किस्ता, किस्ता’ म्हणत होतो आणि समोरचा ‘अं?’ करत होता. नातवाने दुरुस्ती केली. स्वीडिश भाषेत क ला इ लागली की त्याचा श होतो. लिहायचं किस्ता, म्हणायचं शिस्ता. मला ही भाषा तत्क्षणी पटली. मुलाच्या घराचा कागद पाहिला तर त्यात किस्तच किस्त, आणि घराबाहेर पाऊल टाकलं की शिस्तच शिस्त.

रस्त्यांची नावं मात्र माझ्यासाठीच ठेवली असावीत. आमच्याकडे कॉलनीला नाव द्यायचं तर देव, संत, पुढारी, आणि यातलं काही उरलं नाही तर प्लॉट पाडणाऱ्याची आई. तिथे त्यांनी भूगोलाचं पुस्तक उघडून समोर ठेवलं. किस्तातले रस्ते डेन्मार्क, आइसलंड, ग्रीनलंड आणि फेरो बेटांच्या नावांचे, हुस्बीतले नॉर्वेच्या गावांचे, अकालातले फिनलंडचे. सकाळी पाय मोकळे करायला निघालो की कोपनहेगनवरून आइसलंडला वळायचं, पुढे त्रोनहाइमला दोन मिनिटं बाकावर टेकायचं, अंगात दम असला तर फिनलंड, आणि नाश्त्याला घरी. उभ्या हयातीत नकाशावर काठी ठेवून जे दाखवलं ते गुडघ्यांनी तपासून पाहिलं. गुडघे नॉर्वेतच दुखायचे.

आता शिस्तीकडे येतो. तिथे कपडे धुण्याचं यंत्र घरात नसतं, तळघरात असतं, आणि ते सगळ्या इमारतीचं. एक फळा असतो, त्यावर तारखा नि वेळा, आणि प्रत्येक घराचं एक छोटं कुलूप. ज्या वेळेच्या भोकात आपलं कुलूप अडकवलं ती आपली पाळी. पाळी तीन तासांची. आपल्याकडे नळाची पाळी असते, तिथे धुण्याची. फरक इतकाच की आपल्या पाळीत पाणी कधी येईल ते सांगता येत नाही, आणि तिथल्या पाळीत आपण कधी जावं ते सांगून ठेवलेलं असतं. आमची पाळी मंगळवारी दुपारी एक ते चार होती. सौ. पावणेएकला खाली गेली.

“आई, एक वाजता जायचं,” सूनबाई म्हणाल्या.

“अगं, लवकर गेलं तर लवकर होईल.”

सूनबाई या वाक्यावर जिन्यातच खाली बसल्या. आधीच्या माणसाची पंधरा मिनिटं बाकी होती, आणि ती पंधरा मिनिटं त्याची होती. तो तिथे नव्हता, यंत्र थांबलेलं होतं, त्याचे कपडेही नव्हते. पण वेळ त्याची होती. सौ.ने रिकाम्या यंत्रासमोर बादली घेऊन पंधरा मिनिटं अशी काढली, जसं गाभाऱ्यात देवाला नैवेद्य दाखवून पडदा ओढलेला असतो आणि बाहेर भुकेले पाहुणे उभे असतात.

खरं संकट नंतरचं. वाळवायच्या कपाटाला एक जाळी असते, तीत कापडाचं तूस साठतं. ते आपल्या पाळीनंतर आपण काढायचं असतं. ते राहिलं. राहिलं म्हणजे काय, लूमच्या गावची माणसं आम्ही! गावात शिरलं की आमच्या भुवयांवर रुई बसते, चहाच्या कपात रुई असते. एवढ्याशा तुसाला कोण विचारतं, असं सौ.चं म्हणणं. दुसऱ्या दिवशी तळघराच्या दारावर चिठ्ठी लागली. सुबक अक्षर, सुरुवातीला ‘हेय!’ म्हणजे नमस्कार. मजकूर मुलाने वाचून दाखवला: काल दुपारी ज्यांची पाळी होती त्यांनी जाळी साफ केली तर सर्वांना आनंद होईल, आपण इथे एकत्र राहतो. खाली एक हसरा चेहरा काढलेला.

मला वाटलं, किती गोड माणसं. मुलाचा चेहरा मात्र उतरला होता. त्याने समजावलं, की ‘हेय’ ही इथली आई-माईवरची शिवी आहे आणि तो हसरा चेहरा म्हणजे उगारलेला हात. त्या दिवशी घरात सुतकाची शांतता होती. सोयगावात असतं तर? शेजारीण गॅलरीतून ओरडली असती, सौ.ने तिच्या माहेरापर्यंत जाऊन उत्तर दिलं असतं, दोन पोरं जमली असती, आणि संध्याकाळी तीच शेजारीण वाटीभर साखर मागायला आली असती. प्रकरण निकाली. तिथे चिठ्ठी नऊ दिवस दारावर होती. सौ.ने तिच्याखाली काही लिहू नये म्हणून घरातले पेन लपवून ठेवण्यात आले होते.

दहाव्या दिवशी मला माझी माणसं सापडली. मॉलमध्ये, सरकत्या जिन्याजवळच्या बाकांवर. एरिक्सनने २००३ मध्ये आपलं मुख्यालय किस्ताला आणलं, आजूबाजूला संगणकवाल्यांच्या कंपन्या जमल्या, त्यांच्यामागून बंगळूर, पुणे, हैदराबादची पोरं आली, आणि पोरांच्या मागून त्यांचे आईबाप. पाहुण्यांच्या व्हिसावर नव्वद दिवस राहू देतात. म्हणून त्या बाकांवर कायम तीन-चार नव्वद दिवसांचे आजोबा असतात. कोणी बाविसाव्या दिवसावर, कोणी एकोणनव्वदाव्यावर. एकमेकांना नाव नंतर विचारतात, आधी दिवस. एकोणनव्वदवाल्याचा चेहरा इतका उजळलेला असतो, की त्याला घरी नेऊन सोडतायत की मोक्षाला, असा प्रश्न पडावा.

एका हैदराबादी गृहस्थांनी मला विचारलं, “आप कहाँ के?”

या प्रश्नाला मी नेहमी थोडा सावरून बसतो. मालेगाव म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांत वर्तमानपत्रांची जुनी कात्रणं हलताना दिसतात, आणि मग तो हळूच विचारतो, “आता सगळं शांत आहे ना?” जणू मी इथे घाईघाईने निघून आलोय. मुलाचंही तेच. शहराच्या मध्यात राहणाऱ्या साहेबाला त्याने सांगितलं, की घर किस्ताला, हुस्बीच्या बाजूला, तर तो साहेब म्हणाला, “हो का? आणि कसं वाटतं?” हुस्बीत २०१३ च्या मे महिन्यात दंगल झाली, गाड्या जळाल्या, जगभरच्या बातम्यांत नाव झालं, तेव्हापासून तिथल्या माणसाला आपल्या घराचा पत्ता सांगून झाला की पुढे दोन वाक्यं खुलाशाची जोडावी लागतात. मी तर त्या हुस्बीत रोज सकाळी नॉर्वे ओलांडायचो. तिथे मला सोमाली बायका भाजी निवडून निवडून घेताना दिसल्या, आणि एक म्हातारा दिसला जो माझ्याकडे बघून रोज छातीवर हात ठेवायचा. संपूर्ण स्टॉकहोममध्ये आपण होऊन मला नमस्कार करणारा तो एकटाच.

तर मी सावरून म्हटलं, “मालेगाव.”

“अरे! वो सुपरमैन वाला!”

मी इतका खूश झालो की त्यांना कॉफी पाजली. पंचवीसेक वर्षांपूर्वी लग्नाच्या व्हिडिओ कॅमेऱ्याशी खेळणाऱ्या आमच्या पोरांनी शोलेचं मालेगावी रूप काढलं, पुढे सुपरमॅन काढला, त्यावर माहितीपट झाला, आणि आता मुंबईवाल्यांनी त्या पोरांवरच सिनेमा काढला. लूमवर दिवसभर उभं राहिलेलं पोरगं रात्री हवेत उडतं, ही गोष्ट हैदराबादी माणसाला स्वीडनच्या मॉलमध्ये आठवली. गावाबाहेर राहणारा मी. पण त्या दिवशी गाव माझं होतं. कॉफीचे पैसे मात्र मी रुपयांत मोजले, तेवढं करायला नको होतं.

नातवाशी माझं जमलं, पण ते भाषेच्या वाटेने नाही. घरात मराठी, शाळेत स्वीडिश, आणि मैदानावर तिसरंच काहीतरी. त्या तिसऱ्या भाषेला तिथले विद्वान १९८० च्या दशकापासून ‘रिंकेबी स्वीडिश’ म्हणतात. तुर्की, अरबी, सोमाली पोरांनी एकत्र खेळता खेळता शिजवलेली. शुद्ध स्वीडिश बोलणारे तिला नाक मुरडतात. आमच्या मालेगावात उर्दू, मराठी आणि अहिराणीची जी मिसळ रिक्षा स्टँडवर ऐकू येते, तिच्याकडे पुणेकर पाहुणा जसा बघतो, अगदी तसं. एकदा मैदानावरून मोठी पोरं पळत आली आणि ‘ऐना! ऐना!’ करत पांगली. मी खिसे चाचपले, माझा चष्मा पाहिला. ऐना कोणाचा पडला? नातू म्हणाला, “आजोबा, पोलीस!” तुर्की भाषेत पोलिसाला गुंडांच्या बोलीत ‘बिनऐन्याचा’ म्हणतात, त्यातला ‘बिन’ स्वीडनला येता येता गळाला. आपला ऐना आणि तुर्कांचा ऐना एकाच फारसी घरातले. पोलिसाची गाडी आली, हळू गेली. मी एकटाच उभा होतो, चष्मा हातात घेऊन.

रावळगावची गोळी हा माझा हुकमी एक्का होता. मालेगावजवळच्या त्या कारखान्याच्या गोळीवर तीन पिढ्यांचं रडणं थांबलंय. ब्रँड २०२४ मध्ये रिलायन्सने विकत घेतला, किंमत २७ कोटी. आमच्या पिढीचं बालपण तेवढ्यात गेलं. मी विमानातून अर्धा किलो पान पसंद नेली होती. नातवापुढे मूठ उघडली. त्याने गोळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दुःखाने म्हणाला,

“आज गुरुवार आहे.”

तिथे पोरं गोड शनिवारी खातात. दातांसाठी. कायदा नाही, पोलीस नाही, ऐनाही नाही. पण गुरुवारी गोळी खाणारं पोर म्हणजे एकादशीला मटण खाणारा वारकरी. मी म्हटलं, कोणाला कळणार आहे? तो म्हणाला, “मला.” सात वर्षांच्या पोराच्या तोंडून असलं काही ऐकलं, की आजोबाने करायचं तरी काय? शनिवारपर्यंत मीच अर्ध्या संपवल्या.

‘स्तान’ हा शब्द मला याच सुमारास कळला. सूनबाई फोनवर कोणाला तरी सांगत होत्या आणि वाक्यात सारखं स्तान, स्तान. राजस्थान माहीत, हिंदुस्थान माहीत; आधी काही न लावलेलं नुसतं स्तान पहिल्यांदाच ऐकत होतो. विचारलं.

“स्तान म्हणजे गाव, बाबा. म्हणजे स्टॉकहोमचा मधला भाग. उद्या आपण स्तानला जाऊन येऊ.”

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. किस्ता स्टॉकहोमच्या महापालिकेत. २००७ मध्ये त्याला रिंकेबीशी जोडलं, २०२३ मध्ये शेजारच्या आणखी वस्त्यांशी जोडून सगळ्यांचं मिळून यार्वा केलं. प्रभागाची पाटी दोनदा बदलली. राहणारे तिथेच राहिले आणि भुयारी गाडीच्या फलाटावर उभं राहून म्हणत राहिले, गावात जाऊन येतो.

निळ्या मार्गावरची ती गाडी सुमारे वीस मिनिटांत गावात नेते. किस्ताचं स्टेशन पुलावर आहे, त्या मार्गावर उघड्या हवेतलं तेवढं एकच. पुढे गाडी खडकात शिरते. गावात मग सगळं होतं, राजवाडा, पाणी, पूल, जुन्या गल्ल्या. सौ.ने राजवाड्यासमोर सतरा फोटो काढून घेतले आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकताना खाली लिहिलं, “घराजवळ.” सतरा फोटो आणि एक शब्द, त्या शब्दाबद्दल मी आजतागायत काही बोललेलो नाही.

परतताना एक गंमत झाली. किस्ताच्या आधी खिडकीबाहेर एक फलाट सरकल्यासारखा वाटला. माणूस नाही, पाटी नाही. गाडी थांबली नाही. मुलगा म्हणाला, ते किम्लिंगे. (बोलताना इथेही क चा श.) सत्तरीच्या दशकात लोहमार्ग टाकताना स्टेशनही बांधून ठेवलं, वर सरकारी कचेऱ्या येणार होत्या. त्या आल्या नाहीत. मग स्टेशनला लोक नाहीत म्हणून गाडी थांबत नाही, आणि गाडी थांबत नाही म्हणून लोक नाहीत. स्टॉकहोमकर म्हणतात, किम्लिंगेला फक्त मेलेलेच उतरतात. एक चंदेरी भुताटकीची गाडीही रात्री तिथे थांबते म्हणे.

भूत राहू द्या, मला हेवा वाटला. आमचं मालेगाव: लाखोंची वस्ती, रात्रंदिवस खडखडणारे माग, देशभर जाणारं कापड, आणि रेल्वे स्टेशन नाही. आम्ही पिशव्या उचलून मनमाड गाठणारी माणसं. इथे उतारू नसलेलं स्टेशन, तिथे स्टेशन नसलेले उतारू. दोन्ही पालिकांनी एकदा एकत्र बसायला हवं होतं.

एकोणनव्वदावा दिवस आला. बाकावर माझा चेहराही उजळलेला होता, असं हैदराबादी गृहस्थ म्हणाले. घरी परतलो त्या रात्री लूमचा आवाज नदीपलीकडून वाऱ्यावर आला आणि तीन महिन्यांनी मला गाढ झोप लागली.

सकाळी चपला सरकवल्या, तेवढ्यात कोपऱ्यावर ओळखीचा प्लॉटवाला भेटला. “नाना, कथा चालनात?” म्हटलं, गावात जाऊन येतो. म्हणाला, गावात काय ठेवलंय, बसा. आणि मोटारसायकलवर घालून मला शहराबाहेर पार शेतापलीकडे घेऊन गेला. बाभळी, दगड, चुन्याच्या रेघा. मनमाड-इंदूर रेल्वेला केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, ३०९ किलोमीटर, अठरा हजार कोटींच्या वर; ती मालेगाववरून जाणार. आणि स्टेशन, त्याच्या म्हणण्यानुसार, आम्ही उभे होतो त्याच्या शंभर पावलांवर. हा प्लॉट, हा स्टेशन रोड, हे रिक्षा स्टँड. त्याने हाताने फलाटसुद्धा दाखवला. तिथे एक शेळी उभी होती.

“घ्या नाना, आताच घ्या. उद्या इथंच गाव होईल.”

मी चारही बाजूंना पाहिलं. माणूस नाही, दिवा नाही, पाटी नाही.

“अरे, पण इथे उतरणार कोण?”

“तुम्हीच की, नाना!” तो म्हणाला.

मी त्याला म्हटलं, मला आधी घरी सोड.